पांढरं फडकं

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात भिंतीवरच्या खिळ्याला एक वाकडा कनेक्टिंग रॉड टांगलेला आहे. शेजारच्या खिळ्याला जुन्या धोतराचा एक तुकडा. कामाला लागलेलं नवं पोरगं पहिल्या-दुसऱ्या दिवशी विचारतंच, “वस्ताद, हे भंगार कशापायी ठेवलंय?” मग चहा सांगितला जातो आणि ही गोष्टही.

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर गेलं की धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या आठवड्यात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. शाहूपुरीतल्या एका गल्लीत निवृत्त मास्तर राहत. सगळं गाव त्यांना सर म्हणे. सर आणि काकू पाणी चढायच्या आधीच पुण्याला मुलीकडं गेले होते. घरातलं सामान माडीवर चढवलं होतं. गाडी काही माडीवर चढत नाही, ती शेडमध्येच राहिली.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1988 सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, चार सिलिंडरची, 1089 सीसीची. सर म्हणायचे, “हिच्यातनं मी कुठं वेळेवर पोचलो नाही, पण पोचलोच नाही असंही कधी झालं नाही.” ती पद्मिनी चार दिवस स्टिअरिंगपर्यंत पाण्यात उभी होती.

पाणी ओसरल्यावर सरांचा पुतण्या घर साफ करायला आला. पोरगा चांगला, हौशी, पण उतावळा. काका यायच्या आत गाडी चालू करून दाखवावी, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं नवी बॅटरी बसवली, डिस्ट्रिब्युटर उन्हात सुकवला, नवं पेट्रोल घातलं आणि सेल मारला. खट्. इंजिन जागचं हललं नाही. पुन्हा सेल, पुन्हा खट्. तिसऱ्यांदाही तेच.

गाडीनं तीनदा नाही म्हटलं होतं. ऐकायला कोणी तयार नव्हतं.

मित्राची जीप आली, बंपरला दोर बांधून टोचन केलं, पद्मिनी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि जीपनं वेग घेतल्यावर पुतण्यानं क्लच सोडला. मागची चाकं फरफटली, आतून एकच दणका आला, सायलेन्सरमधून गढूळ पाण्याचा फवारा उडाला आणि इंजिन लागलं. गल्लीत टाळ्या वाजल्या. आतून टक टक टक असा आवाज येत होता, पण टाळ्यांपुढं तो कोणाला ऐकू येणार? पुतण्यानं चक्कर मारायला गाडी बाहेर काढली. कावळा नाक्यापर्यंत आवाज वाढत गेला आणि तिथं इंजिन जाम झालं. चाकं जागच्या जागी थांबली.

सर पुण्याहून आले तेव्हा गाडी उद्यमनगरात मेस्त्रींच्या ह्याच गॅरेजात पोचली होती. पुतण्या म्हणाला, “काका, पाण्यानं इंजिन गेलं. मी हात पण लावला न्हाई.”

मेस्त्रींना आजूबाजूचे दोघंतिघं म्हणाले, “भंगारात घाला. इंजिनाचं काम गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडंल.” मेस्त्री म्हणाले, “खोलल्याशिवाय बोलू नये.” सर म्हणाले, “खोला.”

गॅरेजात बारक्या होता. वय सतरा, आठवीतनं शाळा सोडलेली, हात चपळ. दोघांनी इंजिन उतरवलं. खालच्या चेंबरचा बोल्ट सैल केला तर तेलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी घळाघळा आलं आणि त्यामागून पुराचा गाळ. हेड काढलं. चार पिस्टनांपैकी तीन वरपर्यंत येत होते आणि तीन नंबरचा बोटभर खालीच थांबत होता. तो बाहेर काढला, तेव्हा त्याचा रॉड काकडीसारखा वाकलेला निघाला. पिस्टन तिरका होऊन सिलिंडरच्या भिंतीवर घासला होता, भिंतीला उभे ओरखडे पडले होते. बेअरिंगचा पत्रा काळा पडून फिरला होता आणि क्रँकला चरे पडले होते.

मेस्त्रींनी रॉड उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग बारक्याला जवळ बोलावलं.

“ह्या एका सिलिंडरात पाव लिटरपेक्षा जरा जास्त हवा मावती. पिस्टन वर आला की ती हवा दाबून दाबून चहाच्या लहान पेल्याच्या निम्म्या जागेत बसती. हवा दबती. पाणी दबत न्हाई. गाडी उभी व्हती तवा तीन नंबरचा हवा घ्यायचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, आत पाणी भरलं. पिस्टन वर जायला बघतोय, पाणी जागा देईना. मग मधी सापडलं कोण?”

“रॉड.”

“आणि पिस्टन वर ढकलला कुणी? उभ्या गाडीचा रॉड पाणी वाकवत न्हाई. सेलानं एवढा वाकायचा न्हाई. ह्यो ओढून चालू केल्याला रॉड हाय. आधी चार प्लग काढलं असतं तर समदं पाणी प्लगच्या भोकातनं बाहेर उडालं असतं. दहा मिनिटांचं काम.”

“मग सरांना सांगूया की!”

मेस्त्रींनी रॉड फळीवर ठेवला. “रॉडचं काम आपलं हाय. ते पोरगं आपलं न्हाई.”

इंजिन बांधायचं ठरलं आणि महिनाभराचं काम निघालं. सुटा भाग काढला की बारक्या तो रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचा आणि खडूनं नंबर घालायचा. रॉडची खालची टोपी त्याच रॉडची, त्याच बाजूला. एकाची टोपी दुसऱ्याला बसलेली दिसते, पण बसत नाही. मशीन शॉपमध्ये चारही बोअर पुढच्या मापाला वाढवून घेतले, तीन नंबरच्या बोअरमध्ये स्लीव्ह ठोकून तोही त्याच मापाला आणला. क्रँक 10 थाऊ उतरवला, म्हणजे पाव मिलिमीटर. “एवढंसंच?” बारक्यानं विचारलं. मेस्त्री म्हणाले, “क्रँक आणि बेअरिंगमधी केसाएवढी फट असती. त्या केसात तेल ऱ्हातंय आणि त्या तेलावर समदं इंजिन तरंगतंय. गाळ त्या केसात शिरला, म्हणून तर हे झालं.”

पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीसेक वर्षं होत आलेली. रॉड मिळेना. शेवटी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक आला. जिथं गाडी जन्मली, तिथूनच तिचं हाड आलं, असं म्हणून सर हसले. मेस्त्री मात्र चारही रॉड पिशवीत घालून बारक्याला गुजरीत घेऊन गेले. सोन्या-चांदीच्या पेढीत गिऱ्हाइकं पाटल्या निवडत बसलेली आणि सोनाराच्या काट्यावर काळपट लोखंडी रॉड. सोनार ओळखीचा. “मेस्त्री, कुठल्या सुनेला घालताय?” नवा रॉड बाकीच्यांपेक्षा चार ग्रॅमनं जड निघाला. मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांमध्ये चार ग्रॅमसुद्धा इंजिन हलवतात. मेस्त्रींनी गॅरेजात येऊन तो कानसीनं जपून उतरवला, परत गुजरीत जाऊन तोलला. काटा सारखा आल्यावरच रॉड कामाला लागला.

दसरा 8 ऑक्टोबरला होता. सरांना त्या दिवशी गाडी हवी होती. दसरा चौकात सोनं लुटायला ते दरवर्षी पद्मिनी घेऊन जायचे.

शुक्रवारी रात्री बोअर धुवायचं काम बारक्याकडं होतं. बोअर घासून आणल्यावर त्याच्या भिंतीत दगडाची अगदी बारीक पूड बसलेली असते. ती रॉकेलनं जात नाही. गरम पाणी आणि साबण लावून ब्रशनं घासायचं, पुसायचं, परत घासायचं आणि शेवटी पांढऱ्या फडक्यानं पुसून बघायचं. फडकं करडं आलं की परत पहिल्यापासून. फडकं पांढरं आलं की लगेच तेलाचा हात. मेस्त्रींनी त्यासाठी घरून जुनं धोतर फाडून आणलं होतं. ती पूड आत राहिली तर नव्या रिंगा आणि नवी बेअरिंगं बघता बघता खाऊन टाकते.

पहिले दोन बोअर बारक्यानं मन लावून धुतले. तिसऱ्याला रात्रीचे साडेदहा झाले. दोनदा धुतला, फडकं किंचित करडं आलं. तिसऱ्यांदा धुतला आणि फडकं फिरवलं, पण दाराबाहेर नेऊन ट्यूबच्या उजेडात काही बघितलं नाही. कोपऱ्यातल्या पिवळ्या दिव्याखाली करडं काय आणि पांढरं काय! त्यानं तेलाचा हात मारला, चौथा उरकला आणि फडकी गोळा करून टाकली.

“पांढरं आलं?” मेस्त्रींनी विचारलं.

“आलं.”

शनिवार-रविवारात इंजिन बांधून झालं. रिंगांची तोंडं एकमेकांपासून फिरवून बसवली, बेअरिंगांना तेल पाजलं, हेडचे बोल्ट मधून कडेला अशा क्रमानं तीन टप्प्यांत आवळले. मेस्त्रींनी शेवटी हेडवर थाप मारली. “उद्या खंडेनवमी. मंगळवारी सकाळी गाडीत बसवू, मुहूर्तावर चालू करू.”

खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. त्या दिवशी पान्याला हात लागत नाही. सोमवारी सकाळी बारक्यानं पाने, हातोडे, कानशी, टॉर्क रेंच पुसून पाटावर ओळीनं मांडले. इंजिनालाही झेंडूची माळ घातली. एकेका पान्याला हळद-कुंकू लावताना त्याचा हात एका जागी थांबला. मेस्त्रींनी धोतराचा उरलेला कोरा तुकडाही हत्यारांत मांडला होता.

“वस्ताद.”

“काय रं?”

“एक सांगायचं व्हतं. तीन नंबरचं फडकं मी उजेडात बघितलंच न्हाई.”

मेस्त्री उदबत्ती लावत होते. ती लावून होईपर्यंत ते बोलले नाहीत.

“कधीची गोष्ट?”

“शुक्रवारची.”

“तीन दिवस लागलं तुला.” त्यांनी उदबत्ती पाटाशी खोचली. “मला एकदा अकरा वर्षं लागली व्हती.”

ते कशाबद्दल होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बारक्यानं विचारलं नाही.

“मग आता?”

“आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या खोलू.”

“उद्या सर गाडी न्यायला येणार!”

“येऊ देत. त्यांच्याम्होरंच खोलू.”

दुसऱ्या दिवशी सर आले. हातात आपट्याची पानं, पेढ्यांचा पुडा, सोबत पुतण्या. मेस्त्रींनी सोनं घेतलं, सरांच्या पाया पडले आणि म्हणाले, “सर, इंजिन बांधून तयार हाय. पण मी ते आता खोलणार हाय. आज गाडी मिळायची न्हाई.”

“का हो?”

मेस्त्री काही बोलले नाहीत. बारक्याकडं बघितलंही नाही. तेव्हा बारक्यानंच पुढं होऊन सगळं सांगितलं, शुक्रवार रात्रीचं, पिवळ्या दिव्याचं, ‘आलं’ म्हणाल्याचं. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

सरांनी स्टूल ओढलं. “खोला. मी बसतो.”

दसऱ्याच्या दिवशी गावात लोक नवी गाडी घेऊन तिला हार घालत होते आणि उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात हार काढून बांधलेलं इंजिन खोलत होते. हेडचे बोल्ट ज्या क्रमानं आवळले होते, त्याच्या उलट क्रमानं सैल झाले. हेड उचललं तसं नवंकोरं गॅस्केट दबून सपाट झालेलं दिसलं. एकदा दबलेलं गॅस्केट परत बसत नाही, ते बाजूला टाकलं. तीन नंबरचा पिस्टन वर ढकलून काढला. मेस्त्रींनी धोतराचा कोरा तुकडा बारक्याच्या हातात दिला.

बारक्यानं बोटाला गुंडाळून तो बोअरमध्ये फिरवला, दाब देऊन, वरपासून खालपर्यंत. मग दाराबाहेर उन्हात नेला. चौघंही बाहेर आले.

फडकं पांढरं होतं. तेलाचा पिवळसर डाग तेवढा, करडेपणाचा मागमूस नाही.

बारक्याचे डोळे भरून आले. “उगीच खोललं, वस्ताद. दिवस गेला, गॅस्केट गेलं. बोअर तर स्वच्छच व्हता.”

“काल तो ‘स्वच्छ असंल’ व्हता,” मेस्त्री म्हणाले. “आज ‘स्वच्छ हाय’ झाला. ‘असंल’ आणि ‘हाय’, ह्या दोन शब्दांत जो फरक हाय, त्याचंच पैसे घेतो मी गिऱ्हाइकाकडनं. गॅस्केटचं पैसे माझ्याकडं.”

कोणी काही बोलेना. फळीवर वाकडा रॉड होता आणि पुतण्या त्याच्याकडं बघत होता.

“काका,” तो हळूच म्हणाला, “पाण्यानं न्हाई गेलं इंजिन. मी सेल मारला. लागंना म्हणून जीपला बांधून ओढली. आवाज येत व्हता, तरी कावळा नाक्यापर्यंत पळवली.”

“माहीत आहे,” सर म्हणाले.

“मेस्त्रींनी सांगितलं?”

“ते कशाला सांगतील? बंपर डावीकडनं दोन बोटं पुढं ओढला गेलाय आणि त्यावर दोराचा वळ आहे. पुण्याहून आलो त्याच दिवशी बघितला.”

“मग विचारलं का न्हाई मला?”

सरांनी चष्मा पुसला. “तीस वर्षं वर्गावर होतो. पोराला दरडावून काढलेलं उत्तर पोराचं नसतं, मास्तरांचं असतं. मी तुझ्या उत्तराची वाट बघत होतो.”

मेस्त्रींनी तो पांढरा तुकडा पुतण्याच्या हातात ठेवला. “तेल पुसलं गेलंय, बोअर उघडा पडलाय. परत धुवायला पायजे. गरम पाणी तिथं हाय, साबण इथं.” पुतण्यानं दसऱ्याच्या नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. बारक्यानं त्याला ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं.

बुधवारी संध्याकाळी इंजिन गाडीत बसलं. मेस्त्रींनी चारही प्लग काढून ठेवले आणि पुतण्याला सीटवर बसवलं. “आता मार सेल. लाल दिवा विझंपर्यंत.” प्लगची भोकं मोकळी, इंजिन सहज फिरत होतं. पंपानं तेल वर चढवलं, ते केसाएवढ्या फटींत पोचलं आणि तेलाचा लाल दिवा विझला. मग प्लग लागले. पुन्हा चावी. एक हुंकार, थोडा निळसर धूर आणि मग चारही सिलिंडरांचा एकसारखा आवाज. मेस्त्रींनी लांब पान्याचं एक टोक ब्लॉकला लावलं, दुसरं कानाला लावलं आणि मान डोलावली. “पयलं 500 किलोमीटर 50 च्या वर न्यायची न्हाई. मग तेल बदलायला आणा. कुठं टक् जरी वाजलं, तरी बाजूला घ्या आणि बंद करा.”

जाताना सरांनी हिशेब चुकता केला. जुने भाग पिशवीत भरून त्यांच्यापुढं ठेवले होते, गिऱ्हाइकाचे भाग गिऱ्हाइकाला, हा गॅरेजचा रिवाज. मेस्त्रींनी त्यातला एकच मागून घेतला, तीन नंबरचा रॉड. धोतराचा तुकडा बारक्यानं धुऊन वाळवून त्याच्या शेजारी लावला.

पाण्यात बुडालेलं इंजिन मरत नाही. आत पाणी असताना ‘काही नाही झालं’ म्हणून पुढं रेटलं की मरतं. माणसाच्या चुकांचंही तसंच आहे. चूक झाली की आतून एक टक् वाजतं. तेव्हाच थांबून प्लग काढले तर दहा मिनिटांचं काम असतं. टाळ्यांच्या नादात पळवलं तर पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

खरं सांगण्याचा खर्च त्या दसऱ्याला एक हेड गॅस्केट आणि एक दिवस एवढा आला. न सांगण्याचा खर्च वाकडा रॉड होऊन भिंतीवर टांगलेला आहे.